आधी आमच्यात, मग तुमच्यात

वेगळा गट म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. अजूनही थोडं फिरतं, खोटं कशाला बोलू. शाळेच्या फाटकातून आत आलं की सगळे पालक सारखे, हे मी इतक्यांदा आणि इतक्या मोठ्यानं बोललेय की आमच्या शाळेच्या शिपाईमामांनाही ते पाठ झालं असेल. आणि तरीही गेल्या वर्षी आमच्या शाळेत पेठ-सुरगाण्याकडच्या आयांची वेगळी बैठक सुरू झाली, आणि त्या ठरावावर सूचक म्हणून सही आहे ती माझीच! हे कसं झालं ते सांगते. सांगताना आजही माझा आवाज चढतो, तेवढं समजून घ्या.

मी मूळची पिंपळगाव बसवंतची. वडिलांची द्राक्षबाग, घरात सतत माणसांचा राबता, बागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारायच्या. त्यामुळे हळू बोलणं मला येतच नाही. लग्न होऊन नाशकात आले, पेठ रोडच्या बाजूला घर झालं, आणि मुलीला जवळच्याच मराठी शाळेत घातलं. पहिल्या वर्षी मी पालकसभेला नुसती जाऊन बसले, दुसऱ्या वर्षी प्रश्न विचारले आणि तिसऱ्या वर्षी पालक-शिक्षक संघाची उपाध्यक्ष झाले. अध्यक्ष मुख्याध्यापक सर असतात. म्हणजे पालकांच्या बाजूनं सगळ्यात वर मीच, असं मला तरी वाटायचं.

पेठ रोडनं जीपगाड्या भरभरून डोंगराकडची माणसं नाशकात उतरतात. काही हंगामापुरती, बांधकामावर नाहीतर द्राक्षाच्या कामाला येतात. काही कायमची इथलीच झालीत. आमच्या शाळेत त्यांची बरीच मुलं आहेत, कोकणा, वारली. त्यांच्या आया सभेला यायच्या, मागच्या दोन रांगांत बसायच्या, वहीत सही करायच्या आणि जायच्या. काहीही विचारा, उत्तर एकच, "हो ताई". सभेची वेळ बदलू का? हो ताई. सहलीला मुलं पाठवाल ना? हो ताई. मला वाटायचं, काय गुणाच्या बायका आहेत या! पुढच्या रांगेतल्या आम्ही एकेका मुद्द्यावर अर्धा अर्धा तास वाद घालतो, आणि या बघा.

माझ्या मुलीची जिवाभावाची मैत्रीण त्यांच्यातलीच. दोघी सहावीत, एका बाकावर. पोर चुणचुणीत, अक्षर असं की फळ्यावरचा सुविचार रोज तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. तिची आई मार्केट यार्डात टोमॅटो निवडायला जायची, वडील बांधकामावर. गाव सुरगाण्याच्याही पुढे, पण पोर नाशकातच जन्मलेली, गावी जायची ती फक्त सुटीत.

तर आषाढात मला रानभाजी महोत्सवाची कल्पना सुचली. अहो, सुचली म्हणजे काय, नुसती अंगात आली! दिवसभर दुसरं काही सुचेना. कुकर लावायचा विसरले, दूध उतू गेलं. शाळेच्या मैदानाच्या कडेनं टेबलं मांडायची, पालकांनी भाज्या करून आणायच्या, मुलांनी माहिती लिहून लावायची, कृषी खात्यातल्या एका साहेबांना पाहुणे म्हणून बोलवायचं. आणि मधोमध मोठं टेबल तेऱ्याचं. तेरा म्हणजे आळूच्या जातीतलं रानातलं पान. पावसात डोंगरावर उगवतं आणि सुरगाण्याकडे त्याचं फार कौतुक असतं, एवढं मी कुठंतरी वाचलं होतं. एवढंच वाचलं होतं.

सभेत मी मागच्या रांगांकडे बघून विचारलं, दुसऱ्या शनिवारी तुम्ही सगळ्यांनी तेऱ्याची भाजी करून आणायची, मधलं टेबल तुमचं, जमेल ना? तिकडे जरा चुळबुळ झाली. एकीनं दुसरीकडे पाहिलं, दुसरीनं तिसरीकडे. मला वाटलं, आनंद झाला असेल, आजवर मधलं टेबल त्यांना कुणी दिलं होतं? मग नेहमीचं "हो ताई" आलं आणि मी फ्लेक्स छापायला टाकला. त्यावर तेऱ्याचं पान हे एवढं मोठं.

त्या शनिवारी माझे पाय जमिनीवर नव्हते. टाकळा आला, करटोली आली, अंबाडी आली. आमच्या गल्लीतल्या एकीनं तर चिवळ आणली. मैदानभर वास सुटला होता. मधलं टेबल तेवढं रिकामं. त्यावर माझ्या मुलीच्या मैत्रिणीनं रंगवलेलं कार्ड, तेरा कसा ओळखावा, भाजी कशी करावी, सगळं वळणदार अक्षरात, आणि मागे ती स्वतः दोन वेण्या घालून उभी. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, एकही बाई येईना. साहेब आले, फिरत फिरत मधल्या टेबलाशी थांबले आणि हसून म्हणाले, इथं फक्त वाचायचंच आहे का?

लोक हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माइक माझ्याच हातात होता.

"काही लोकांचं असंच असतं," मी म्हणाले. "तोंडावर हो हो म्हणायचं आणि ऐनवेळी तोंडघशी पाडायचं. त्यांना सहकार्य करायचंच नसतं."

पुन्हा हशा पिकला, मुलंही हसली. त्या पोरीनं कार्ड उचललं, टेबलावर उलटं ठेवलं आणि दोन टेबलांमधून वाट काढत फाटकाकडे निघाली. मी तिला जाताना पाहिलं. पाहिलं आणि पुढचा कार्यक्रम पुकारला.

सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. मी मुलीला विचारलं, तुझी मैत्रीण आजारी आहे का गं? तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबा दप्तरात भरता भरता म्हणाली, ती आता येणारच नाहीये, तू तिच्या आईला सगळ्यांसमोर बोललीस. मी उसळलेच, मी कुणाचं नाव घेतलं होतं का?

"टेबल एकच रिकामं होतं, आई," ती म्हणाली.

मी तिच्या दप्तराची चेन ओढून दिली. पण मनातून मी अजून चिडलेलीच होते. फसवलं कुणाला गेलं होतं, मलाच ना?

बुधवारी सरांनी संघाच्या कार्यकारिणीला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक अर्ज होता, अकरा बायकांच्या सह्यांचा, दोन अंगठे. पेठ-सुरगाण्याकडच्या मातांना महिन्यातून एकदा, मोठ्या सभेच्या आधी तासभर, एकट्या बसायला वर्ग मिळावा. आपल्या भाषेत बोलायचं आहे. बाकी कुणीही नको. अर्ज वाचून झाल्यावर सरांनी चष्मा काढला आणि आणखी एक गोष्ट सांगितली. ती सहावीतली पोर शाळेत पाऊल टाकायला तयार नाही. येत्या सोमवारपर्यंत गेली तर ठीक, नाहीतर गावाजवळच्या आश्रमशाळेत नेऊन घालतो, असं तिचे वडील वर्गशिक्षिकेला सांगून गेलेत. आईला पोर जवळ हवी आहे, पण पोरच ऐकत नाही म्हटल्यावर तिचाही इलाज नाही.

मी त्या पोरीबद्दल बोलायला हवं होतं. पण तोंडातून बाहेर आलं ते भलतंच. मी तावातावानं बोलायला लागले. आज या मागतायत, उद्या मुस्लिम आया मागतील, परवा आम्ही मराठे का मागे राहू? मग कसमादेकडचे येतील, म्हणतील आम्हाला अहिराणीत सभा हवी. फाटकावर पाट्या लावायच्या का, कोण कुठल्या वर्गात बसणार म्हणून? मुलं एका बाकावर आणि आया वेगळ्या खोलीत? मुलं काय शिकतील यातून?

गंमत म्हणजे मला पाठिंबा मिळाला तो भाभींचा. भाभी जुन्या नाशकातल्या, घरी शिलाई करतात, त्यांचा मुलगा आठवीत. आम्ही दोघी एरवी एकमेकींची मतं खोडण्यातच पटाईत. त्या म्हणाल्या, माझ्या मोठ्या मुलीच्या शाळेत आमची, मुस्लिम आयांची, अशी वेगळी मीटिंग होती. सुरुवातीला बरं वाटलं. मग काय व्हायला लागलं, की काहीही बोलायला गेलं तर म्हणायचे, ते तुमच्या मीटिंगमध्ये बोला. मोठ्या सभेत आम्ही आहोत की नाही, याची कुणाला पडलीच नव्हती. त्यापेक्षा मागच्या रांगेत का होईना, सगळ्यांत बसलेलं बरं. भाभी हे शांतपणे बोलल्या. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. निर्णय शुक्रवारवर गेला आणि मी जिंकल्यासारखी घरी आले.

घरी मुलगी बसली होती, समोर दोन वह्या. वर्गात झालेला अभ्यास ती दुसऱ्या वहीत उतरवत होती. तुझा झालाय ना, मग हा कुणाचा? तिनं सांगितलं, तिचा, ती आल्यावर मागे पडायला नको. सोमवारचं तिला माहीत होतं. मी पदर खोचून कणीक मळायला घेतली आणि कणकेत दोनदा मीठ घातलं. मग ठरवलं, आपण जायचं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पत्र्याची खोली, दारात तुळस, भिंतीला शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं. पोर मला बघून उठली आणि मागच्या बाजूला निघून गेली. आईनं चटई टाकली, कोरा चहा ठेवला. मी सुरू केलं, माझ्या पद्धतीनं, म्हणजे धडाधड. गैरसमज झाला, मला तसं म्हणायचं नव्हतं, पण तुम्हीही शब्द द्यायचा आणि यायचं नाही, म्हणजे मी त्या साहेबांसमोर काय करायचं? ती बाई खाली मान घालून ऐकत राहिली. मला वाटलं, आता "हो ताई" येणार.

तिनं चहा गाळला, माझ्यापुढे ठेवला आणि मगच बोलली. तिच्या गावाकडे तेरा उगवला म्हणून कुणी तोडत नाही. गाव बसून दिवस ठरवतं. त्या दिवशी तेरा आधी देवाला दाखवतात, मग घराघरात शिजतो. त्याच्या आधी पान तोंडात घालायचं नाही, हात लावायचा नाही. त्यांच्या गावाचा दिवस माझ्या शनिवारनंतर नऊ दिवसांनी होता. बाकीच्यांच्या गावांचे त्याच्याही पुढे. अकरा जणींतली एकही तेरा शिजवू शकत नव्हती, आणि मी तर फ्लेक्सच छापला होता!

पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती नाशकात वाढलेली, तिनं हौसेनं कार्ड रंगवलं. घरी आई नको म्हणाली तर रडून मोकळी झाली, कार्ड तयार आहे म्हणून.

मी म्हटलं, अहो, एवढंच होतं तर सभेत सांगायचं ना, मी तारीख पुढे ढकलली असती, त्यात काय होतं?

"तुम्ही विचारलं ते हो म्हणायसाठीच विचारलं ना, ताई," ती म्हणाली. "नाय म्हणायला जागा कुठं ठेवली?"

बोलणं शांत होतं, राग नव्हता. म्हणून जास्त लागलं. ती पुढे सांगत राहिली. सभेतून घरी जाताना त्या अकरा जणी रस्त्याच्या कडेला थांबून बराच वेळ बोलल्या होत्या. ताईंना सांगितलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत. पण कोण सांगणार? देवाचं सांगितलं आणि कुणी हसलं तर? आपल्या बोलण्यालाच हसलं तर? प्रत्येकीला वाटलं, दुसरी सांगेल. शेवटी ठरलं, की शेवग्याच्या पाल्याची भाजी न्यायची, शेवगा दारातला, त्याला असलं काही नाही, आणि सोबत नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरी. रिकाम्या हातानं तरी नको.

"मग आणली का नाहीत?" मी विचारलं.

"आणली व्हती," ती म्हणाली. "आमी फाटकाशी आलो, तवा तुम्ही बोलत व्हत्या."

अकराच्या अकरा जणी, डोक्यावर टोपल्या घेऊन, फाटकाबाहेर. माइकवरून माझा आवाज. आणि आतून पळत आलेली पोर. तिला घेऊन त्या तशाच मागे फिरल्या होत्या.

माझा चहा हातातच राहिला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी काहीबाही बोलले असेन. मग अर्जाचा विषय निघाला. मी आता समजुतीनं घेत म्हणाले, अहो, वेगळं कशाला, मी आता विचारीन की, तुम्ही मोठ्या सभेत बोला. तिनं नकारार्थी मान हलवली.

"आधी आमी आमच्यात बसू, ताई. कोण काय बोलणार ते ठरवू. मंग तुमच्यात येऊन बोलू."

बस्स, एवढंच. माझं भलंमोठं भाषण, फाटकावरच्या पाट्या, अहिराणी सभा, सगळं त्या एका वाक्यापुढे पार कोलमडलं. त्यांना वेगळं राहायचं नव्हतंच, त्यांना आमच्यापर्यंत यायला एक पायरी हवी होती. मी घरी कशी आले मला माहीत नाही, चालत आले की धावत. मुलीला म्हटलं, बाई गं, तुझी आई मूर्ख आहे. ती म्हणाली, माहितीय.

शुक्रवारी कार्यकारिणीत मी उभी राहिले आणि ठराव मांडला. सगळे माझ्याकडे बघतच राहिले. एकानं विचारलं, परवा तर तुम्ही टेबल बडवत होता? बडवत होते, म्हटलं, आज उलट्या बाजूनं बडवते. भाभी मात्र बधल्या नाहीत. त्यांनी अट घातली. वेगळी बैठक कायम मोठ्या सभेच्या आधी, सभेच्या ऐवजी कधीच नाही. तिथं ठरेल ते त्यांनीच सभेत येऊन सांगायचं, त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणी नाही. "त्यांच्या वतीनं" म्हणताना भाभींनी सरळ माझ्याकडेच पाहिलं. सरांनी अट लिहून घेतली, मी सही केली. पहिली बैठक दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, कारण सोमवार तोंडावर होता.

शनिवारी मी मोठा थर्मास भरून चहा, बिस्किटं आणि नवी कोरी वही घेऊन वर्गात हजर! वहीत विषयपत्रिकाही लिहून नेली होती. मी आपली उत्साहानं बाकं गोल मांडायला लागले. त्या अकरा जणी दारात उभ्या. पोरीच्या आईनं माझ्या हातातलं बाक हलकेच धरलं.

"नाय ताई," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर."

पहिलं "नाही" मला मिळालं ते हे असं. चेहरा पडला माझा. पण करते काय? ठराव माझाच, सही माझीच. थर्मास घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. आतून दार लागलं. आधी काहीच ऐकू येईना. मग एक आवाज चढला, मग दुसरा, मग एकदम पाच-सहा जणी. भांडत होत्या! अगदी आमच्या पुढच्या रांगेसारख्या भांडत होत्या. मग हसू फुटलं, खळाळून, थांबेचना. त्यांच्या भाषेतल्या तीन शब्दांतला एक कळायचा, पण मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, या बायका बोलतात! एवढी वर्षं बोलतच होत्या, फक्त माझ्यासमोर नाही. भाभी येऊन शेजारी बसल्या, चहा ओतून घेतला आणि म्हणाल्या, मी अजून विरोधातच आहे बरं का. म्हटलं, राहा, चहा तर घ्या.

खरं सांगायचं तर हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. भाभी म्हणतात, वेगळी खोली उघडणं सोपं, ती वेळेवर सोडणं अवघड. मला ते पटतं. आणि ती "नाही म्हणायला जागा" पण पटते. दोन्ही एकदम पटतं, त्याला मी तरी काय करू? सगळे पालक सारखे, हे मी आजही म्हणते, फक्त आता म्हणताना मागच्या रांगेकडे एकदा बघून घेते.

तासाभरानं दार उघडलं आणि मोठी सभा सुरू झाली. पोरीची आई उभी राहिली. पदर घट्ट धरलेला, पण आवाज स्पष्ट. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भात लावायला, पोरं चार दिवस गावी जातात, तेव्हा रागवायच्या ऐवजी त्यांना अभ्यास लिहून द्यावा. कुठलाही कार्यक्रम ठरवायच्या आधी तारीख त्यांनाही विचारावी. सर मान हलवत लिहून घेत होते. मग ती माझ्याकडे वळली.

"तिसरं तुमचं हाय, ताई. तुम्ही माइकवर बोलल्या, पोरांसमोर बोलल्या. माफी तिथंच मागायची."

माझे कान तापले. आमच्या घरात मोठ्या माणसानं माफी मागितलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि तीही पोरासोरांपुढे? गुरुवारी तिच्या घरी जाऊन आले ते पुरेसं नव्हतं का? आणि मग आठवलं, तिच्या चटईवर बसून मी गैरसमज म्हणाले, लाज वाटली म्हणाले, तारीख बदलली असती म्हणाले. चुकले, हा एक शब्द सोडून सगळं बोलले होते.

सर बिचारे मला वाचवायला धावले. म्हणाले, आपण ऑफिसमध्ये बसून सामोपचारानं घेऊ, मुलांसमोर कशाला? माझ्या जिभेवर "हो सर" आलंच होतं. केवढं सोपं होतं ते! मी उभी राहिले आणि म्हणाले, नको सर, सोमवारी परिपाठाला घेऊ. पोरीच्या आईनं मान हलवली आणि खाली बसली. पोर येईल का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मैदानावर सगळे वर्ग रांगेत उभे होते. उंचीप्रमाणे, प्रत्येक इयत्तेची वेगळी रांग. सहावीच्या रांगेत माझी मुलगी मधोमध. प्रार्थना झाली. सरांनी माझ्या हातात माइक दिला आणि तेव्हा मला फाटकाबाहेर ते तिघं दिसले. आई, वडील आणि मध्ये पोर. अंगात गणवेश नव्हता, घरचा फ्रॉक होता. वडिलांच्या खांद्यावर मोठी पिशवी, बांधलेली. सुरगाण्याची जीप तिथूनच पुढे लागते.

हळू बोलायला न येणारी मी, त्या दिवशी माझा आवाजच निघेना. घसा खाकरला, तो आवाज सगळ्या मैदानभर गेला आणि दोन पोरं खुदकन हसली. मग मी बोलले. म्हणाले, त्या शनिवारी मी इथंच उभी राहून बोलले, की काही लोकांना सहकार्य करायचं नसतं. ते खोटं होतं. त्यांचा तेरा देवाला दाखवल्याशिवाय शिजत नाही, आणि मी न विचारता तारीख ठरवली. तरी त्या दुसरी भाजी करून घेऊन आल्या होत्या. माझं बोलणं ऐकून फाटकातून परत गेल्या. चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी त्या सगळ्यांची माफी मागते, आणि सहावीतल्या एका मुलीची, जिच्या आईला मी तिच्यादेखत बोलले.

कुणी हसलं नाही. माइक मी दोन्ही हातांनी धरला होता. मी फाटकाकडे बघितलं. पोर हलली नव्हती. वडील पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होते. आई नुसती उभी होती. मला वाटलं, संपलं, आता वळतील.

तेवढ्यात सहावीच्या रांगेत माझी मुलगी एक पाऊल मागे सरकली. तिच्या मागची सरकली, तिच्यामागची सरकली, शेवटच्या मुलीपर्यंत सगळी रांग मागे गेली. मध्ये एका मुलीपुरती जागा झाली. मुलीनं मागे वळून पाहिलं नाही, समोर बघत तशीच उभी राहिली.

पोरीनं आईचा हात सोडला आणि फाटकातून आत आली.